पाहिलेले आणि वाटलेले



फाल्गुन सरत आला की फजरच्या अजानच्या सुमारास एक शीळ ऐकू येऊ लागते. उजाडायला अजून अवकाश असतो. कावळेही जागे झालेले नसतात. माडाच्या शेंड्यावरून, विजेच्या तारेवरून किंवा शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून कोणीतरी लांब, गोड, वळणे घेत जाणारी शीळ घालत असते. नमाजसाठी उठणाऱ्या घरांना हा आवाज ओळखीचा आहे. तो कोणाचा, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. कोणी कोकीळ म्हणते, कोणी बुलबुल. तो असतो दयाळ.

दयाळ साधारण बुलबुलाएवढा. नर वरून तुकतुकीत काळा, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग. शेपटी बहुतेक वेळ वर उचललेली. हिंदी-उर्दू बोलणारे लोक त्याला दहियर म्हणतात, बंगालीत तो दोयेल आहे आणि बांगलादेशचा राष्ट्रीय पक्षीही. इंग्रजी पुस्तकांत त्याचे नाव मॅगपाय रॉबिन. मूळचा रॉबिन इंग्लंडमधला, तांबूस छातीचा, चिमणीएवढा. तिकडून आलेल्या लोकांनी आपल्याकडच्या पक्ष्यांना घरच्या पक्ष्याचे नाव दिले. देशावरच्या वाचकांना दयाळाऐवजी चिरक अधिक दिसेल. तो इंडियन रॉबिन. आकाराने लहान, नर काळा, शेपटीच्या बुडाशी खालून विटकरी रंग. माळ, खडक, मोडकी भिंत ही त्याची जागा. दोघांच्या सवयी बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत.

शाळेत मुलांना निरीक्षणवही करायला लावतो तेव्हा आम्ही पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारायला सांगतो. डाव्या रकान्यात 'पाहिलेले', उजव्या रकान्यात 'वाटलेले'. डोळ्यांनी दिसले, कानांनी ऐकले, तेवढेच डावीकडे. त्यावरून मनात आले ते उजवीकडे. ऐकायला सोपे आहे. करून बघितले की कळते, आपण दिवसभर डावीकडचे किती थोडे आणि उजवीकडचे किती जास्त बोलतो. यंदा हीच वही आम्ही घरी सुरू केली, परसातल्या दयाळाच्या जोडीवर. थोरली सातवीत आहे, धाकटा चौथीत. फजरनंतर दहा मिनिटे आणि मगरिबच्या आधी दहा मिनिटे, एवढाच नियम. दयाळ संध्याकाळी अंधारून येईपर्यंत वावरत असतो, त्यामुळे दोन्ही वेळा फुकट जात नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाकट्याने लिहिले, "दयाळ मोटारसायकलच्या आरशात स्वतःला बघून खूश झाला." थोरलीने लगेच पकडले, "तू खूश झालेला पाहिलास का? काय पाहिलेस ते सांग." मग नीट यादी झाली. तो हँडलवर बसला, अंग फुगवले, चोच वर केली, काचेवर चोची मारल्या, पंख फडफडवले, आरशाच्या मागे जाऊन पाहिले, परत येऊन पुन्हा चोच मारली. असे सहा वेळा. खुशीचे वाक्य उजव्या रकान्यात गेले आणि डाव्या रकान्यातली यादी वाचून धाकटा स्वतःच म्हणाला, "अब्बा, हा तर भांडतोय!"

तो भांडतच होता. विणीच्या दिवसांत, आपल्याकडे साधारण मार्च ते जुलै, नर दयाळ आपली हद्द राखतो. त्या हद्दीत दुसरा नर त्याला खपत नाही. आरशात दिसणारा पक्षी आपणच आहोत हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी तो घुसखोर असतो, आणि हटवला तरी न जाणारा. बिचारा दिवसभर त्यात शक्ती घालवतो. उपाय सोपा आहे. गाडी उभी केली की आरशांवर जुनी कापडी पिशवी चढवायची. आम्ही तसे केले, दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या कामाला लागला.

पहाटेची शीळही बरीचशी याच कामाची आहे. 'ही जागा माझी आहे' हे शेजारच्या नरांना कळवणे आणि मादीला बोलावणे, ही दोन कामे ती करते. इंग्लंडमधल्या रॉबिनबद्दल हे सविस्तर दाखवून देणारा माणूस आमच्याच पेशातला होता. डेव्हिड लॅक हे १९३०च्या दशकात डेव्हन परगण्यातल्या एका शाळेत शिकवत. त्यांनी रॉबिनच्या पायांत रंगीत कडी घातली, म्हणजे कोणता पक्षी कोण हे लांबूनही ओळखता येई. मग वर्षानुवर्षे नोंदी केल्या आणि १९४३ साली रॉबिनच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. पेंढा भरलेला रॉबिन हद्दीत ठेवला तर मालक त्याच्यावर तुटून पडे. पुढे नुसता लाल पिसांचा झुपका ठेवला तरी रॉबिन त्याला धमकावी. थंडीच्या दिवसांत रॉबिनची मादीसुद्धा स्वतःची वेगळी हद्द राखते आणि गाते, हेही त्यांच्या नोंदींत आहे. नाताळच्या कार्डावर गोड, गरीब दिसणारा हा पक्षी प्रत्यक्षात चांगलाच भांडखोर निघाला. कार्डावरचा रॉबिन उजव्या रकान्यातला होता, लॅक यांच्या वहीतला डाव्या.

याचा अर्थ त्या शिळेत अल्लाहची तसबीह नाही, असा कोणी घेऊ नये. सूरह नूरमध्ये पंख पसरलेल्या पक्ष्यांचा उल्लेख आहे आणि प्रत्येकाला आपली नमाज व तसबीह ठाऊक असल्याचे सांगितले आहे. ती कशी असते ते ठरवणे आपले काम नाही. ज्या कामासाठी निर्माण केले ते काम चोख करणे, हीसुद्धा एक बंदगीच. आपण फक्त एवढे करायचे, की आपल्या मनातला अर्थ त्याच्या चोचीत कोंबायचा नाही.

या पक्ष्याच्या नावाचीही अशीच गंमत झाली आहे. 'दयाळ' हा शब्द युरोपात 'डायल' होऊन पोहोचला. डायल म्हणजे घड्याळाची तबकडी, तेव्हा या पक्ष्याचा सूर्यघड्याळाशी काही संबंध असावा असे तिकडे काहींना वाटले. एका फ्रेंच पक्षीतज्ज्ञाने त्याला तबकडी याच अर्थाचे नाव देऊन टाकले. शब्द कोठून आला हे न विचारता अर्थ लावला की असे होते.

वहीत पुढे आणखी एक वाक्य आले, ते आमच्या अम्मींचे, म्हणजे मुलांच्या दादीचे. त्या परसात शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मादी गवताच्या काड्या घेऊन जात-येत होती आणि नर तारेवर बसून शीळ घालत होता. त्या म्हणाल्या, "घ्या! इथेही तेच. बायको राबतेय आणि मियाँ गाणी म्हणतायत." घरात हशा पिकला. थोरलीने मात्र वाक्य प्रामाणिकपणे उजव्या रकान्यात लिहिले आणि आठवडाभर नरावर लक्ष ठेवले. दादींचे अर्धे म्हणणे खरे निघाले. घरटे बहुतांशी मादीच बांधते, अंडी तर ती एकटीच उबवते. पण डाव्या रकान्यात नराचीही कामे जमा होत गेली. साळुंकी घरट्याच्या बाजूला आली, त्याने हाकलली. मांजर कुंपणावर चढले, तो कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला. भारद्वाज जवळच्या झाडावर उतरला, त्याच्या अंगावर धावून गेला. पुढे पिल्ले झाल्यावर त्याने अळ्याही आणल्या, मादीपेक्षा कमी, पण आणल्या. दादींनी वही ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरं, मग तेवढं माफ."

आता मूळ गोष्टीकडे येतो. मादी गवत घेऊन जात होती ती जागा म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत. जुनी चिऱ्याची भिंत, बाहेरून गिलावा नसलेली. एका चिऱ्याचा कोपरा निखळून मूठभर भोक पडले होते, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. गेली दोन वर्षे पावसात त्या भिंतीतून ओल येत होती. यंदा पावसाआधी गिलावा करायचा हे ठरलेले, सिमेंट आणलेले, गवंड्याला तारीख दिलेली. तारीख चार दिवसांवर आली तेव्हा थोरलीने वही समोर ठेवली. त्या दिवशी पहाटे मादी भोकात गेली ती बराच वेळ बाहेर आली नव्हती. आदल्या दिवशीही तसेच. म्हणजे अंडी घालून झाली होती.

दयाळ एका वेळी चार-पाच अंडी घालतो, फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. ती उबायला बारा-चौदा दिवसांपर्यंत लागतात आणि पिल्ले बाहेर पडायला आणखी साधारण दोन आठवडे. म्हणजे महिना गेला. गवंडी म्हणाला, "सर, आता नाही केलं तर पावसाआधी मी मोकळा नाही. भोक तेवढं सोडून बाकीची भिंत करून देतो." पण ठोकाठोक, पाण्याचे फवारे आणि फळ्यांवर चढलेली माणसे हातभर अंतरावर असताना मादी अंड्यांवर बसून राहील, याची खात्री कोण देणार?

त्या रात्री जेवताना चर्चा झाली. घरात ओल आली तर धान्याचे डबे हलवावे लागतात, अम्मींचे सांधे दुखतात, भिंतीचे आयुष्य कमी होते. हे सगळे डाव्या रकान्यातले, खरे नुकसान आहे. समोर एक पक्षी आणि चार अंडी. कोणी म्हणेल, पक्षी दुसरीकडे घर करील. ते उजव्या रकान्यातले.

अबू दाऊद यांच्या संग्रहातली एक हदीस आम्ही मुलांना त्या वेळी सांगितली. एका प्रवासात सहाबांना एक पक्षीण दोन पिल्लांसह दिसली. त्यांनी पिल्ले उचलली. पक्षीण येऊन पंख पसरून तडफडू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) परत आले, तिची अवस्था त्यांनी पाहिली, तिला तिच्या पिल्लांवरून कोणी दुखावले ते विचारले आणि पिल्ले परत ठेवायला सांगितली. या हदीसीतील एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. इतरांना पिल्ले दिसली, प्रेषितांना (स.) त्या पक्षिणीची तडफड दिसली.

सूरह अनआमच्या ३८व्या आयतीत पक्ष्यांना आणि जमिनीवरील प्राण्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. मग आपल्या भिंतीत राहणारी ती कोण? हमसाया. शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल आपल्या घराघरांत बोलले जाते. शेजारी आपल्याला विचारून राहायला येत नाही, आणि त्याचे हक्क आपल्या सोयीच्या दिवशीच लागू होतात असेही नाही. थोरली म्हणाली, "भाडेकरूलासुद्धा महिन्याची मुदत देतात." अम्मींनीच निकाल दिला, "राहू दे. एक पावसाळा ताडपत्री लावा."

गवंड्याने पुढच्या बाजूची भिंत केली आणि दुसऱ्या कामावर गेला. मागची तशीच राहिली. पुढे पिल्ले गेल्यावर तिच्यावर ताडपत्री बांधली. जुलैच्या मोठ्या पावसात एका कोपऱ्यात ओल आलीच, डबे हलवावे लागले. नफ्यातला सौदा झाला असे आम्ही म्हणणार नाही. हमसायाचा हक्क कधी कधी असाच पदरमोड करून द्यावा लागतो.

पिल्ले बाहेर पडली तो दिवस घरात सगळ्यांनी पाहिला. तीन पिल्ले, आखूड शेपटीची, ठिपकेदार छातीची. त्यातले एक धड उडू न शकता जास्वंदीखाली जमिनीवर बसून राहिले. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "आईने टाकलंय, पिंजऱ्यात ठेवू या, शीळ घालायला शिकेल." हेही उजव्या रकान्यातलेच! दयाळाची पिल्ले घरट्यातून निघाल्यावर काही दिवस झुडपांत, जमिनीवर अशीच लपून बसतात आणि आई-बाप त्यांना तिथे येऊन भरवतात. जखमी नसेल तर पिल्लाला हात लावू नये. मांजर-कुत्रे दूर ठेवावे आणि आपणही दूर राहावे. आम्ही सगळे ओसरीवर मागे सरलो. थोड्याच वेळात मादी चोचीत अळी घेऊन जास्वंदीत शिरली.

पिंजऱ्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोड गळ्यामुळे दयाळ पूर्वी पिंजऱ्यात फार पाळला जाई. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे असे रानपक्षी पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. घरटी मोडणे, अंडी काढणे हेही त्यात येते. मुलांना पक्ष्याची ओढ असते, ती मारू नये. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अनस (र.) यांच्या लहान भावाची हकीकत आहे. अबू उमैर नावाने हाक मारल्या जाणाऱ्या त्या मुलाचा चिमुकला पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची आपुलकीने विचारपूस केली. एवढ्या मोठ्या जबाबदाऱ्या खांद्यावर असताना एका मुलाच्या पक्ष्याची आठवण ठेवली. आपले मूल धावत येऊन "अब्बा, दयाळाने आज गांडूळ खाल्लं" म्हणते तेव्हा मोबाइलमधून मान वर करून "किती मोठं होतं?" एवढे तरी विचारावे.

आणि हे पाहणे पुढे कोठे नेईल ते सांगता येत नाही. १८९६ साली मुंबईत जन्मलेले डॉ. सलीम अली लहानपणी एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीबद्दल पडलेला प्रश्न घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस पाहिली. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पारख करते, तिला पसंत पडले तरच ते पुरे होते, आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी पुन्हा नवे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी रोजच्या नोंदींतून उलगडले. त्यांच्याकडे तेव्हा मुख्य भांडवल होते ते सबुरीचे.

हिवाळ्यात वाचक म्हणतात, दयाळ गेला, परदेशी गेला असेल. तो कोठेही जात नाही. शीळ थांबवून झुडपांत गुपचूप किडे वेचत असतो. दिसत नाही म्हणजे नाही, असे नसते.

दोन रकान्यांची ही सवय पक्ष्यांवर शिकायला सोपी जाते, कारण पक्षी आपल्याशी वाद घालत नाही. गरज मात्र माणसांत अधिक आहे. "सून उशिरा उठली" हे पाहिलेले. "तिला घराची पर्वा नाही" हे वाटलेले. "शेजाऱ्याने सलामला उत्तर दिले नाही" हे पाहिलेले. "त्याला गर्व झालाय" हे वाटलेले. कदाचित त्याने ऐकलेच नसेल. सूरह हुजुरातमध्ये कोणी बातमी आणली तर तिची शहानिशा करण्याचा आणि बहुतेक गुमानांपासून दूर राहण्याचा हुकूम आहे. आपल्या समाजाबद्दल न पाहता लिहिणारे, बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्याचा त्रास आपल्याला पोचतो. तो त्रास ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी इतरांबद्दल न पाहिलेले पुढे पाठवू नये.

या महिन्यात एवढे करून पाहा. एक साधी वही, मधोमध रेघ. परसात किंवा खिडकीत उथळ मातीच्या भांड्यात पाणी, रोज बदललेले. झाडाखालचा थोडा पातेरा न जाळता तसाच राहू द्यावा, कारण दयाळाचे किडे-गांडुळे त्याच्याखालीच मिळतात. फवारणी टाळता येईल तितकी टाळावी. भिंत बुजवण्याआधी, झाड तोडण्याआधी चार दिवस त्यावर नजर ठेवावी, कोणी राहते का. आणि संध्याकाळी जेवताना मुलांना त्या दिवसाचा फक्त डावा रकाना वाचायला सांगावा. उजव्याबद्दल मग निवांत बोलता येते.

अल्लाह तआला आपल्याला नीट पाहणारी नजर आणि थांबून बोलणारी जीभ देवो. आमीन.